पाला कापायची वेळ

जुलैत नैऋत्येकडून ओला, कोमट वारा सुरू झाला, की आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये घरामागे बटाटे लावलेली माणसं वाकून पानं उलटी करून बघायला लागतात. रस्त्यात भेटलेला शेजारी "हवा कोंदटलीय" एवढंच म्हणतो, आणि ज्याच्या परसात बटाटा आहे त्याला पुढचं सगळं कळतं. रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरला नाही, सकाळी उशिरापर्यंत पानं ओली राहिली, असे दोन दिवस लागोपाठ गेले, की उशिराचा करपा येण्याची वेळ झाली. तो एकदा आला की थांबत नाही. सोमवारी एका पानाच्या टोकाला तपकिरी डाग दिसला आणि हवा तशीच राहिली, तर पुढच्या सोमवारपर्यंत वाफ्यात नुसत्या काळ्या काड्या उभ्या राहिलेल्या असतात.

मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझं माहेर पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. तिथे खरिपात पावसाच्या पाण्यावर बटाटा घेतात. पाऊस लागला की पंजाबातून आलेलं बेणं मंचरहून घरी यायचं. आम्ही मुलं ओट्यावर बसून, प्रत्येक फोडीला डोळा राहील असे मोठे बटाटे कापायचो. गणपतीच्या आगेमागे पठारावर धुई उतरायची. दोन-चार दिवस ऊन दिसलं नाही, की अण्णा, म्हणजे माझे वडील, पाठीवर पंप घ्यायचे. करपा हा आमच्या घरात रोजच्या बोलण्यातला विषय होता. कोणाच्या रानात दिसला, कोणी कुठलं औषध मारलं, कोणाचं पीक हाती लागलं नाही, हे जेवताना चालायचं.

इथे घर घेतल्यावर मागचं गवत खणून बटाटे लावायचे ठरवले, तेव्हा अण्णांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठं साचतं गं तुझ्या रानात?" परसातल्या चार वाफ्यांना ते अजूनही रानच म्हणतात. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. माझ्या परसाच्या पश्चिमेला उंच कुंपणाची झुडपं आहेत. ती वारा अडवतात म्हणून आधी बरी वाटतात, पण त्यांच्या आडोशाला दव दुपारपर्यंत वाळत नाही. म्हणून मी बटाटा त्या बाजूला लावतच नाही. तिथे कांदे आणि पालक असतात. बटाट्याच्या ओळी उघड्या बाजूला, वाऱ्याच्या दिशेने काढते आणि दोन ओळींत ऐसपैस जागा सोडते. कमी जागेत जास्त झाडं बसवायचा मोह परसबागेत फार होतो, पण पाला एकमेकांत गुंतला की आत ओल कोंडते आणि करप्याला तेच हवं असतं.

बाकीची कामं इथलीही आपल्यासारखीच. फेब्रुवारीत बेणं अंड्यांच्या पुठ्ठ्यात डोळे वर करून उजेडात ठेवायचं, म्हणजे आखूड, जाड मोड येतात. लवकरच्या जाती १७ मार्चच्या सुमाराला, सेंट पॅट्रिकच्या सणाला लावायची इथे जुनी रीत आहे. त्या जूनच्या अखेरीपासून काढायला येतात. उशिराच्या जाती एप्रिलमध्ये लावायच्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पोसायच्या. झाड वीतभर झालं की मातीची भर लावायची, पंधरा दिवसांनी पुन्हा लावायची. बटाटा उन्हाने हिरवा पडू नये हे भर लावण्याचं एक कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण करप्याचं आहे. पानावर तयार झालेले बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर खाली मातीत झिरपतात आणि वरवर असलेल्या बटाट्यापर्यंत पोचतात. वर चार बोटं जास्त माती असली, ती भुसभुशीत आणि भेग नसलेली असली, तर खालचा माल बराच वाचतो. जूनमध्ये मी घेतलेली सगळ्यात उपयोगी मेहनत कुठली विचाराल, तर फावड्याने लावलेली ही दुसरी भर.

आता हवेबद्दल. हा या कामाचा गाभा आहे. आयर्लंडची हवामानसंस्था मेट एरन उन्हाळ्यात करप्याचे इशारे देते. वादळाचा इशारा द्यावा तसा बटाट्याच्या रोगाचा इशारा बातम्यांत ऐकला, तेव्हा मला या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. त्या इशाऱ्यामागचे नियम ऑस्टिन बर्क या हवामानशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात बसवले. सलग बारा तास तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ नये, हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या खाली उतरू नये, आणि त्यानंतरही निदान चार तास पानं ओली राहावीत. एवढं जुळलं की रोगाला पानात शिरायला पुरेसा अवधी मिळतो. शेजारच्या ब्रिटनमध्ये २०१७ पासून थोडे वेगळे निकष वापरतात. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान दहा अंश, आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास आर्द्रता नव्वदच्या वर.

हे आकडे शेतकऱ्यांसाठी काढलेले असले तरी परसातल्या माणसाला ते जास्त कामाचे आहेत, कारण त्याच्या हातात औषध जवळपास नसतंच. मी कुंपणाजवळ सावलीत एक साधं तापमान-आर्द्रतेचं यंत्र लावलं आहे. रात्रपाळीहून आले की आधी त्यावरचा रात्रीचा किमान आकडा बघते, मग पानांना हात लावून बघते. वॉर्डात पेशंटच्या तापाचा तक्ता वाचताना एकट्या आकड्यावरून घाबरायचं नसतं, रेघ कुठे चाललीय ते बघायचं असतं. इथेही तेच करते. एक ओली रात्र काही करत नाही. दुसरी ओली रात्र, त्यात वारा पडलेला, सकाळी ढग, असं दिसलं की त्या दिवसापासून पाच-सात दिवस मोजायचे. लागण झाली असेल तर तेवढ्यात डाग वर येतो. त्या दिवसांत मी रोज ओळीतून फिरते, आणि फिरताना पाला कोरडा असेल याची काळजी घेते. ओल्या पाल्यातून हात फिरवणं म्हणजे आपणच बीजाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेणं.

ही ओल इतकी महत्त्वाची का, हे समजलं की कामाला अर्थ येतो. या रोगाचं शास्त्रीय नाव फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स. आपण सवयीने त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. पाण्याशी असलेलं ते नातं त्याने सोडलेलं नाही. वाऱ्यावर आलेली त्याची बीजाणूची पिशवी पानावरच्या पाण्यात पडली आणि हवा थंड असली, बारा अंशांच्या आसपास, तर ती फुटून आतून अनेक छोटे बीजाणू बाहेर पडतात आणि त्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात. थोड्या वेळाने ते थांबतात, पानाला चिकटतात आणि आत शिरतात. पान त्याआधी वाळलं तर ते मरतात. आपलं सगळं नशीब त्या पान वाळण्याच्या वेळेवर असतं. म्हणूनच संध्याकाळी वरून पाणी घालणं मी बंद केलं आहे. पाणी लागलंच तर सकाळी, झाडाच्या बुंध्याशी.

डाग ओळखणं हे दुसरं कौशल्य, आणि ते वाचून येत नाही, बघून येतं. पावसाळी हवेत बटाट्याच्या पानावर दहा तऱ्हेचे डाग येतात. वाऱ्याने घासून कडा तपकिरी होतात, मॅग्नेशियम कमी पडलं की शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि लवकरचा करपाही असतो. लवकरच्या करप्याचा डाग कोरडा असतो, त्यात वर्तुळात वर्तुळ दिसतं, तो शिरेपाशी अडतो आणि बहुधा खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो. उशिराचा करपा शिरेला जुमानत नाही. तो पानाच्या टोकाला किंवा कडेला, जिथे पाणी थांबतं तिथे सुरू होतो. डाग ओलसर, काळपट तपकिरी असतो आणि त्याच्या भोवती फिकट हिरवी किनार असते. खरी खूण पानाच्या खाली आहे. सकाळी दव असताना पान उलटून उजेडाकडे धरलं, तर डागाच्या कडेला बारीक पांढरी लव दिसते. दुपारी ऊन पडलं की ती नाहीशी होते, म्हणून दुपारी पाहणाऱ्याला शंका राहते. तशी शंका राहिली, तर मी ते पान ओल्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर स्वयंपाकघरात ठेवते. करपा असेल तर सकाळपर्यंत पांढरी लव वर येते. खोडावर किंवा पानाच्या देठावर काळा पट्टा आला आणि तिथे बोट लावताच खोड मोडलं, तर मात्र पिशवीची वाट बघत नाही.

औषधाचं काय, असा प्रश्न माहेरचे सगळे विचारतात. आपल्याकडे मॅन्कोझेब आणि त्याच्या जोडीला आंतरप्रवाही औषधं हा खरिपातला नेहमीचा खर्च आहे. युरोपीय संघाने मॅन्कोझेबची मंजुरी २०२०च्या अखेरीस काढून घेतली. मोठ्या शेतकऱ्याकडे इथे इतर औषधं आहेत, परवाना आणि यंत्रं आहेत, आठवड्या-दहा दिवसांच्या फेऱ्या आहेत. घरामागच्या चार वाफ्यांसाठी त्यातलं काही मला नको आहे. माझी मुलं त्या वाफ्यात हाताने माती उकरतात. आणि औषधाच्या बाबतीत हा रोग फार लवकर शिकतो. १९८० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये मेटालॅक्झिल या त्या वेळच्या नव्या, प्रभावी औषधाला त्याने दाद देणं बंद केलं. आपल्याकडेही याच रोगाच्या एका आक्रमक वाणाने २००९-१० च्या सुमाराला दक्षिण भारतातल्या टोमॅटोची दैना केली. टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले, करप्याला दोन्ही चालतात.

शेजारचे आजोबा मात्र औषधाच्या गोष्टी आनंदाने सांगतात. त्यांच्या लहानपणी वडील लाकडी पिंपात मोरचूद विरघळवायचे, त्यात धुण्याचा सोडा घालायचे आणि पाठीवरच्या तांब्याच्या पंपाने फवारायचे. पाला निळा दिसायचा, वडिलांचे कपडे निळे व्हायचे. हे ऐकून मी अण्णांना फोन लावला आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं. मध्ये भाषांतराला मी होते. अण्णांनी विचारलं, "सोडा? चुना का नाही?" नाशिकच्या द्राक्षवाल्याला आणि कोकणातल्या सुपारीवाल्याला ठाऊक असलेलं बोर्डो मिश्रण मोरचूद आणि कळीच्या चुन्याचं, फ्रान्समध्ये बोर्दो इथे मिलार्दे यांनी ते १८८५ मध्ये पुढे आणलं, द्राक्षांच्या केवड्यासाठी. बटाट्यावर ते चालतं हे लवकरच कळलं. सोड्याचं मिश्रण त्याचंच भावंड. दोन्ही पान झाकून ठेवतात, आत शिरलेल्या रोगाला बाहेर काढत नाहीत. तांबं मातीत साचत जातं ते वेगळंच. दोघा म्हाताऱ्यांचं यावर एकमत झालं, की फवारणी रोगाच्या आधी झाली तरच तिला फवारणी म्हणायचं.

मग परसातल्या माणसाच्या हातात उरतं काय? तीन गोष्टी. जात निवडणं, लवकर काढणं आणि पाला कापणं. तिसरी सगळ्यात जड.

एका वर्षीचा जुलै मला नीट आठवतो, कारण त्या वर्षी माझ्या ओळींतला फरक शाळेच्या फळ्यावर लिहावा इतका स्पष्ट दिसला. एक ओळ ब्रिटिश क्वीनची होती, चवीला उत्तम, उकडल्यावर पिठूळ, बटाटेवड्याच्या सारणाला मला इथे यापेक्षा चांगला बटाटा मिळालेला नाही. एक ओळ कर्स पिंकची, आणि कडेची सार्पो मीराची. सार्पो जाती मूळ हंगेरीतल्या सारवारी कुटुंबाच्या पैदाशीतल्या, पुढे त्यांच्यावर वेल्समध्ये काम झालं. करप्याला त्या फार चिवट आहेत. इशारा गुरुवारी आला. शुक्रवार-शनिवारी माझी रात्रपाळी होती आणि दोन्ही सकाळी पानं निथळत होती. पुढच्या आठवड्यात ब्रिटिश क्वीनच्या एका खोडावर पट्टा दिसला, तिन्ही बाजूंच्या झाडांवर डाग होते. कर्स पिंकवर मोजकी पानं. सार्पो मीरा हिरवीगार.

एक-दोन पानांवर डाग असेल आणि पुढे कोरडे, वाऱ्याचे दिवस दिसत असतील, तर मी ती पानं खुडते आणि थांबते. खोडावर आलं असेल आणि पाऊस अजून बाकी असेल, तर त्या ओळीचा सगळा पाला त्याच दिवशी कापते. हा नियम कोरड्या मनाने ठरवता येतो, पण संध्याकाळी कात्री घेऊन ओळीत उभं राहिल्यावर तो पाळायला जड जातो. झाडाची तीन चतुर्थांश पानं अजून हिरवी असतात. वर फुलं असतात. खाली बटाटा अंड्याएवढा झालेला असतो आणि अजून महिनाभर पोसायची त्याची ताकद असते. प्रत्येक दिवस थांबलं तर माल वाढतो, आणि त्याच प्रत्येक दिवशी पाल्यावरून खाली मातीत रोग उतरण्याची शक्यताही वाढते. तो दिवस कुठला, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

मी कापायच्या आधी अण्णांना सांगितलं.

"हिरवा पाला कापणार? अगं, अजून पोसला असता की."

"अण्णा, खोडावर आलंय. खाली उतरायच्या आत कापते."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. पंप पाठीवर घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला, उभं पीक आपल्या हाताने आडवं करणं हा उपाय म्हणून पटणं सोपं नाही. मग त्यांनी विचारलं, "भर किती लावलीस?"

"वीतभर."

"मग काप. आणि पाला तिथंच टाकू नको."

खोड जमिनीलगत कापायचं, उपटायचं नाही. उपटलं की बटाटे वर येतात आणि पाल्यावरचे बीजाणू नेमके त्यांच्यावर पडतात. कापलेला पाला, गळालेली पानं, काड्यांचे तुकडे, सगळं दाताळ्याने ओढून घ्यायचं. मी ते परसाच्या टोकाला खोल खड्ड्यात पुरते आणि वर दाबून माती टाकते. हा रोग जिवंत पेशीवर जगतो. पाला मेला आणि कुजला की तोही संपतो. नंतर ओळींवर अजून एक हात माती ओढून भेगा बुजवायच्या. आणि मग दोन-तीन आठवडे काहीही करायचं नाही. या थांबण्याला दोन कारणं आहेत. मातीच्या वरच्या थरात पडलेले बीजाणू मरायला वेळ द्यायचा, आणि बटाट्याची साल घट्ट व्हायला. लगेच खणलं तर अंगठ्याने सोलेल अशा कोवळ्या सालीवर वरची माती लागते आणि साठवलेलं पोतं नंतर सडतं.

त्या वर्षी ब्रिटिश क्वीन आणि, दोन दिवसांनी, कर्स पिंक कापली. सार्पो मीरा ठेवली. ऑगस्टमध्ये खणल्यावर ब्रिटिश क्वीनचे बटाटे लहान निघाले, पण बहुतेक सगळे निरोगी होते. कर्स पिंकमध्ये थोडे जास्त गेले. रोग लागलेला बटाटा बाहेरून मळकट, जांभळट, जरा दबलेला दिसतो; कापला की सालीखाली गंजासारखा तांबूस, रवाळ भाग असतो. तो एकटा असता तर बटाट्याचा निम्मा भाग तरी कापून वापरता आला असता. पण त्याच्या मागोमाग दुसरे जंतू येतात, बटाट्याचं पाणी होतं, आणि तो वास एका पोत्यातून दुसऱ्यात शिरतो. आमच्याकडे पठारावर बटाट्याची आरण, म्हणजे साठवणीची रास, लावतात तेव्हा घरातलं सगळ्यात बारीक नजरेचं माणूस निवडायला बसवतात. आमच्या घरी ती आजी असायची. इथे मी कागदी पोत्यांत, अंधाऱ्या कोरड्या खोलीत बटाटे ठेवते आणि पंधरा दिवसांनी प्रत्येक पोतं पालथं करून पुन्हा निवडते.

आजोबा खणायला मदतीला येतात तेव्हा त्यांची एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एक ओळ खणून झाली की ते काटेरी फावडं घेऊन तीच ओळ पुन्हा खणतात. गोटीएवढा बटाटाही मातीत राहू देत नाहीत. याला शेतीचं चोख कारण आहे. राहिलेला रोगट बटाटा हिवाळ्यात जगला, तर वसंतात त्याच्या मोडाबरोबर करपाही उगवतो आणि सगळ्या गल्लीला पुरतो. पण कॉर्कमध्ये राहून या सवयीत फक्त शेती बघणं मला जमत नाही.

स्किबरीन इथून फार लांब नाही. त्या गावाजवळच्या अ‍ॅबीस्ट्रूरी दफनभूमीत, बटाट्याच्या दुष्काळात मेलेली आठ ते दहा हजार माणसं सामुदायिक खड्ड्यांत पुरलेली आहेत. वर नुसतं गवत आहे. १८४५ च्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या ग्लासनेव्हिन इथल्या वनस्पती उद्यानात डेव्हिड मूर यांना हा रोग दिसला, आणि त्या शरद ऋतूत तो देशभर पसरला. गरीब माणसाचं सगळं जेवण एका बटाट्यावर होतं आणि त्यातही लंपर ही एकच जात सगळीकडे. कंदापासून कंद लावत गेल्याने प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नक्कल होतं. एक पडलं तर सगळीच पडणार होती. या बेटाची लोकसंख्या १८४१ मध्ये ८१ लाखांच्या वर होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. बेटाची लोकसंख्या आजही त्या १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही. बटाटा सडत असताना याच देशातून धान्य बाहेर जात होतं, ही गोष्ट इथली माणसं हळू आवाजात सांगतात आणि आपल्यासारख्या, इंग्रजी राज्यातले दुष्काळ ठाऊक असलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. त्या वेळी कलकत्त्यातून आणि मुंबईतूनही आयर्लंडसाठी मदतीचा पैसा आला होता, हे मला इथे आल्यावर कळलं. तेव्हापासून हे दोन देश मला एकाच ओळीत लावल्यासारखे वाटतात.

त्या वेळी कारण कोणाला कळलं नव्हतं. कोणी हवेला दोष दिला, कोणी बटाट्यात पाणी जास्त झालं म्हटलं. माइल्स बर्कली या पाद्र्याने १८४६ मध्ये, पानावरची ती पांढरी लव हेच रोगाचं मूळ आहे, असं लिहिलं. फार लोकांनी ते मानलं नाही. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६१ मध्ये ते प्रयोगाने दाखवलं. मोरचुदाचा उपाय त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षांनी आला. मी सकाळी पान उलटून जी लव एका क्षणात ओळखते, ती रोगाचं लक्षण नसून कारण आहे, हे मान्य व्हायला एवढी वर्षं आणि एवढी माणसं गेली.

पश्चिमेकडे केरीच्या डोंगरांवर फिरायला गेलो की गवताखाली अजून त्या काळचे वरंबे दिसतात, उतारावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघा. माझ्या नवऱ्याला ते दाखवावे लागले. मला लांबूनच दिसले. तिथे नंतर कोणी काही लावलेलं नाही.

म्हणून शेजारच्या घरी कोणी बटाट्याची सालं आणि मोड आलेले बटाटे कुजखताच्या ढिगावर टाकताना दिसलं की मी गप्प बसत नाही. आमच्या मागच्या घरात ब्राझीलहून आलेलं तरुण जोडपं भाड्याने राहायला आलं, तेव्हा त्यांच्या ढिगावर बटाट्याची रानटी झाडं कंबरेएवढी वाढली होती, आधीच्या भाडेकरूंची. मी दार वाजवलं, कारण सांगितलं, आणि आम्ही तिघांनी मिळून तो ढीग उपसला. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट पुढच्या वर्षी त्यांनी माझ्याकडून दोन ओळींचं बेणं नेलं. आता गल्लीत ज्यांच्याकडे बटाटा किंवा टोमॅटो आहे त्या सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. पहिला डाग ज्याला दिसेल त्याने पान उलटं धरून फोटो टाकायचा, ओळख मी करते. बाकीचे त्याच दिवशी आपापली पानं बघतात. बीजाणू वाऱ्यावर जातात, त्यांना कुंपण नसतं, त्यामुळे एकट्याने वेळेवर कापून फार काही साधत नाही. गल्लीने मिळून कापलं तर बराच माल वाचतो, हे आम्ही पाहिलं आहे.

पठारावर माझ्या भावाचाही असाच गट आहे, पण तिथे गोष्ट वेगळी आहे. त्याच्या एकरभर बटाट्याचा पाला कापणं म्हणजे बेणं, खत आणि मजुरी यांचा हिशोब अर्ध्यावर मोडणं. तो फवारतो, आणि मी त्याला फवारू नको म्हणत नाही. मात्र हल्ली तो औषध आलटूनपालटून मारतो आणि ढग येण्याआधी मारतो. जातीच्या बाबतीत त्याला निवड कमी आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची कुफरी ज्योती १९६८ मध्ये आली तेव्हा ती करप्याला तोंड देणारी म्हणून आली होती. आता ती ताकद तिच्यात पहिल्यासारखी उरलेली नाही. रोग बदलत राहतो, म्हणून जातही बदलत राहायला हवी. ब्रीडर मंडळींच्या या कामाला आपण पुरेसं महत्त्व देत नाही असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या हंगामाचं बेणं मी या आठवड्यात सांगून ठेवलं. कर्स पिंक बंद केली. चव आवडते, पण ती ऑगस्टपर्यंत उभी ठेवावी लागते आणि तो महिना माझ्या हातात नाही. ब्रिटिश क्वीनची एकच ओळ ठेवली, मार्चच्या मध्यात लावून जमेल तितकी जुलैच्या सुरुवातीला काढायची. लवकरच्या पिकासाठी ऑर्ला, ही आयर्लंडमध्येच पैदास झालेली जात, करप्याला बरीच टिकते. मोठी ओळ सार्पो मीराची. तिची चव क्वीनसारखी नाही, पण रस्सा भाजीत ती मोडत नाही आणि डिसेंबरपर्यंत पोत्यात टणक राहते. आजोबांनी त्यांच्या वाट्याचं ऑर्लाचं बेणं माझ्याच मागणीत घातलं आहे. अण्णांना जाती सांगितल्या तेव्हा त्यांनी दोन ओळींतलं अंतर विचारलं आणि अजून हातभर वाढव म्हणाले. तेवढी एक ओळ कमी होईल. तसंच करणार आहे.